सहकुटुंब मोटारप्रवासाचा बेत

दिवाळी जवळ येऊं लागली म्हणजे घरोघरीं दोन बेत सुरू होतात; एक फराळाचा आणि दुसरा प्रवासाचा. फराळाच्या बेतांत आपल्या गृहिणी इतक्या निष्णात असतात कीं, किती भाजणीला किती मोहन घालावें हें त्या मोजमापावांचून सांगतात, आणि त्यांचें सांगणें सहसा चुकत नाहीं. प्रवासाच्या बेताचें तसें नसतें. तो बहुधा एका रात्रींत, एका उत्साही माणसाच्या हातून तयार होतो, आणि त्याचीं फळें पुढें आठ दिवस सर्व कुटुंबास भोगावीं लागतात. मोरोपंतांच्या नांवावर सांगितली जाणारी देशाटनाची आर्या आपण सर्वांनीं शाळेंत पाठ केली आहे. परंतु देशाटनास निघण्यापूर्वींच थोडें चातुर्य लागतें, ही गोष्ट पाठ करणाऱ्यांच्या सहसा ध्यानांत येत नाहीं.

यंदा आमच्या घरीं या विषयाचा पुष्कळ खल झाला. घर एकत्र, लहानथोर मिळून चौदा माणसें. सर्वांनीं मिळून एक मोठी गाडी ठरवावी व जुनीं ऐतिहासिक शहरें आणि थंड हवेचीं ठिकाणें पाहून यावीं, एवढें निश्चित झालें. आमच्या पुतण्यानें त्याच रात्रीं यादी केली. विजापूर, बदामी, हंपी, गोवा, कोल्हापूर, पन्हाळा, सातारा, महाबळेश्वर, प्रतापगड, रायगड आणि पुणें. मुदत आठ दिवस. यादींतील एकही स्थळ टाकाऊ नव्हतें. पण यादी म्हणजे बेत नव्हे. वाण्याच्या दुकानांतून सामान आणलें म्हणजे स्वयंपाक झाला, असें आपण म्हणत नाहीं. काय आधीं, काय मागून, कशाला किती आंच आणि जेवणारे कोण, हें सर्व जमलें म्हणजे पान वाढतां येतें. प्रवासाचेंही तसेंच आहे. म्हणून या लेखांत तो बेत आम्हीं कसा बसविला तें क्रमानें सांगतों. सोलापूरकरांस तो जसाच्या तसा उपयोगी पडेल. इतरांनीं त्यांतील रीत घ्यावी.

पहिली गोष्ट ही कीं, प्रवास मैलांत किंवा किलोमीटरांत मोजूं नये, तासांत मोजावा. सोलापूरहून पंढरपूर सुमारें बहात्तर किलोमीटर. सपाट रस्ता, दीड तासांत माणूस पोहोंचतो. वाईहून महाबळेश्वर याच्या निम्म्याहूनही कमी अंतरावर आहे. परंतु मध्यें पसरणीचा घाट आहे, वळणें आहेत, आणि गाडींत ज्यांना घाट लागतो अशीं दोन तरी मुलें प्रत्येक कुटुंबांत असतात. तेथेंही दीड तास धरावाच लागतो. यावर विश्रांतीचे थांबे. कुटुंबांत वृद्ध माणसें व लहान मुलें असलीं तर दर दोन तासांनीं गाडी थांबलीच पाहिजे. आणि ती स्त्रियांची सोय असेल अशा स्वच्छ ठिकाणीं थांबली पाहिजे. पुरुषमंडळी या गोष्टीचा विचार करीत नाहींत, म्हणून कित्येक स्त्रिया प्रवासाच्या दिवशीं सकाळपासून पाणीच पीत नाहींत. हें दृश्य आम्हीं अनेक वेळां पाहिलें आहे व तें आपल्या व्यवस्थेला शोभणारें नाहीं. तेव्हां मोबाइलमधील नकाशा जो वेळ दाखवील त्यांत सपाटीवर चौथा हिस्सा व घाटांत निम्मा हिस्सा आणखी मिळवावा. या हिशोबानें पुतण्याची यादी तपासली, तेव्हां आठांपैकीं साडेपांच दिवस गाडींतच जात होते. गोवा, हंपी, रायगड आणि पुणें हीं नांवें त्यानें आपण होऊनच खोडलीं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. बेत स्थळांवरून करूं नये, माणसांवरून करावा. आम्हीं असा नियम घातला कीं, घरांतील प्रत्येकानें आपल्या मनांतलें एकच ठिकाण सांगावें. दुसरें सांगूं नये. एकच सांगावयाचें म्हटलें म्हणजे माणूस खरें बोलतो. धाकट्या बंधूंनीं पंढरपूर सांगितलें. आमच्या सौभाग्यवतींनीं कोल्हापूरची महालक्ष्मी सांगितली. पुतण्यानें पुष्कळ विचार करून पन्हाळा ठेवला. धाकटी सून इतिहास घेऊन पदवीधर झालेली. तिनें पट्टदकल सांगितलें. मुलांनीं एकमतानें गोलघुमट मागितला, कारण तेथें ओरडण्यास कोणी रागावत नाहीं अशी त्यांची समजूत आहे.

राहिल्या आमच्या वडील वहिनी. वय शहात्तर. त्यांना विचारलें तेव्हां त्या म्हणाल्या, "भाऊजी, माझें कसलें आतां? मी घरीं राहीन. देवाला नैवेद्य कोण दाखवील?" हें उत्तर आम्हांस नवीन नव्हतें. या घरांत त्या अठराव्या वर्षीं आल्या. आमच्या मातोश्री अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हां त्या राहिल्या. मुलांच्या परीक्षा होत्या तेव्हां त्या राहिल्या. सुनांचीं बाळंतपणें होतीं तेव्हां त्या राहिल्या. आणि कांहींच नव्हतें तेव्हां देवासाठीं राहिल्या. प्रत्येक वेळीं कारण खरें होतें, आणि प्रत्येक वेळीं तें वहिनींच्याच वांट्याला आलें. एकत्र कुटुंबांत जाणारे कोण याची चर्चा होते. राहणारें कोण याची चर्चा होत नाहीं, कारण तें सर्वांनीं मनांत धरलेलेंच असतें. आम्हीं दुसऱ्या दिवशीं पुन्हा विचारलें, व तिसऱ्या दिवशीं पुन्हा. तेव्हां भाजी निवडतां निवडतां, मान वर न करतां, त्या म्हणाल्या, "माहुलीच्या घाटावर एकदां पाण्यांत पाय सोडून बसावेंसें वाटतें."

माहुली हें त्यांचें माहेर. तेथें आतां त्यांचें कोणी नाहीं. घरही विकलें गेलें आहे. सातारा आमच्या पहिल्या यादींत होता, पण माहुली नव्हती. आणि माहुली तर साताऱ्यापासून चारपांच किलोमीटरांवर, आमच्या वाटेवरच आहे. जवळून जाऊनही आम्ही थांबलों नसतों. बेत स्थळांवरून केला म्हणजे असें होतें.

ठिकाणें निश्चित झाल्यावर क्रम लावावयाचा. पुतण्याचा क्रम विजापुराकडून निघून पंढरपुराहून परत येण्याचा होता. तो उलटा करण्यास तीन कारणें होतीं. एक, भाऊबीज आटोपून निघालें तर परतीच्या दिवशीं नेमकी कार्तिकी एकादशी पंढरपुरांत गांठणार. पाडव्यापासून दहाव्या दिवशीं ती येते, व त्या दिवशीं वारकऱ्यांच्या गर्दींत आपली गाडी घालणें हें त्यांनाही त्रासाचें व आपणांसही. आधींच जाऊन आलें म्हणजे दर्शन सुखानें होतें. दुसरें, घाटांचा प्रवास अंग ताजें असतांना उरकावा व थकल्यावर सपाटीला यावें. तिसरें, विजापूर सोलापुराहून अवघ्या शंभर किलोमीटरांवर आहे. जें सर्वांत जवळ तें शेवटीं ठेवावें. कारण वाटेंत कोणी आजारी पडलें किंवा गाडी बिघडली, तर तें सोडून सरळ घरीं येतां येतें, आणि पुढें एखाद्या रविवारीं जाऊन पाहतां येतें. प्रत्येक बेतांत असें एक सोडतां येण्याजोगें ठिकाण असावें. तें शेवटीं असलें म्हणजे मन निश्चिंत राहतें.

याप्रमाणें शनिवारीं निघून पुढच्या रविवारीं परत यावयाचें, म्हणजे नऊ दिवस व आठ मुक्काम; नोकरी करणाऱ्यांस पांचच दिवसांची रजा पुरते. एकूण प्रवास सुमारें अकराशें किलोमीटर.

पहिला दिवस, शनिवार. पहाटे निघून पंढरपूर, विठ्ठलाचें दर्शन, दुपारीं म्हसवडवरून गोंदवलें. श्रीब्रह्मचैतन्य महाराजांचें (१८४५ ते १९१३) हें स्थान पंढरपूर–सातारा रस्त्यावरच आहे. तेथें भोजनप्रसादाची व राहण्याची व्यवस्था असते. मात्र आगाऊ विचारून ठेवावें. पहिला दिवस हलका ठेवण्याचें कारण असें कीं, घरांतून निघण्याचा थकवा हा प्रवासाच्या थकव्याहून मोठा असतो.

दुसरा दिवस, रविवार. गोंदवल्याहून माहुली. येथें कृष्णा आणि वेण्णा यांचा संगम आहे, दगडी घाट आहेत, विश्वेश्वराचें व रामेश्वराचें जुनें देवालय आहे. पेशवाईंतील निःस्पृह न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे हे या गांवचे. मुलांसाठीं येथें एक गोष्ट आहे: छत्रपति शाहूमहाराजांचे प्राण वाघापासून वांचविणाऱ्या खंड्या नांवाच्या कुत्र्याची समाधि म्हणून एक जागा येथें दाखवितात. या ठिकाणीं आम्हीं वेळापत्रकांत दोन तास लिहिले होते; धाकट्या सुनेनें ते खोडून "वहिनी उठतील तोंपर्यंत" असें लिहिलें. तें तसेंच राहूं दिलें आहे. दुपारीं साताऱ्यास विश्रांति. सायंकाळीं अजिंक्यताऱ्यावर गाडीनें वरपर्यंत जातां येतें. हें शहर १७०८ सालीं राज्याभिषेक झालेल्या शाहूमहाराजांची राजधानी. मराठी राज्याचा विस्तार साताऱ्याच्या नांवानेंच झाला. सज्जनगड पाहण्याचा मोह होतो, पण त्याच्या पायऱ्या गुडघेदुखीच्या माणसास झेपत नाहींत. ज्यांना झेपतात त्यांनीं पहाटे जाऊन यावें, इतरांनीं झोपावें. सर्वांनीं सर्व पाहिलेंच पाहिजे असा हट्ट प्रवासांतील निम्म्या भांडणांचें मूळ होय.

तिसरा दिवस, सोमवार. साताऱ्याहून वाई. ढोल्या गणपति, कृष्णेचे घाट, आणि जवळच मेणवलीस नाना फडणिसांचा वाडा. तेथील देवालयांत टांगलेली मोठी घंटा १७३९ च्या वसईच्या विजयांतून आलेली म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु वाईचें खरें वैभव आम्हांस विद्येंत दिसतें. येथील प्राज्ञपाठशाळेंत केवलानंद सरस्वतींच्या पायांपाशीं तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी शिकले. येथूनच धर्मकोशाचें कार्य झालें. आणि ज्याचा पहिला खंड १९७६ सालीं निघाला त्या मराठी विश्वकोशाचें कार्यालयही या लहानशा गांवींच आहे. मोठें काम करण्यास मोठें शहर लागत नाहीं, हें मुलांना दाखविण्यास याहून चांगलें ठिकाण नाहीं. नंतर पसरणीचा घाट चढून पांचगणीस दुपारचें भोजन, व सायंकाळीं महाबळेश्वर. येथें सोमवारीं पोहोंचण्यांत हेतु आहे. शनिवार–रविवारीं मुंबई–पुण्याच्या गाड्यांनीं घाट भरून जातो. सोमवारीं ते लोक उतरलेले असतात.

चौथा दिवस, मंगळवार. पूर्ण दिवस महाबळेश्वर. इंग्रजांनीं १८२८–२९ च्या सुमारास, मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळीं, हें हवा खाण्याचें ठिकाण म्हणून वसविलें. म्हणून पेठेस माल्कमपेठ हें नांव पडलें. समुद्रसपाटीपासून हें सुमारें साडेचार हजार फूट उंच. आमचा मुख्य हेतु मात्र जुन्या क्षेत्र महाबळेश्वराचा. तेथील पंचगंगेच्या देवळांत कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री व गायत्री या पांच नद्यांचा उगम मानला जातो व पाणी गोमुखांतून पडतें. ही करंगळीएवढी धार मुलांनीं नीट पाहून ठेवावी, कारण तिच्याशीं पुढें पुन्हा गांठ पडावयाची आहे. दुपारीं कांहीं करूं नये. नऊ दिवसांच्या प्रवासांत एक दुपार मोकळी ठेवण्यास बळ लागतें. पण पुढें जी दुपार सर्वांना आठवते ती बहुधा तीच असते.

पांचवा दिवस, बुधवार. मेढ्यावरून साताऱ्यास उतरून कोल्हापूरमार्गें पन्हाळा. सुमारें दोनशें किलोमीटर. कोल्हापुरास न थांबतां गडावरच मुक्काम करावा. गाडी वरपर्यंत जाते, हवा थंड असते, आणि सकाळचें धुकें तेथें राहिल्यावांचून दिसत नाहीं.

सहावा दिवस, गुरुवार. सकाळीं गड. तीन दरवाजा, अंधारबाव, धान्याचें अंबरखाना, सज्जाकोठी. १६६० सालीं सिद्दी जौहराच्या वेढ्यांतून शिवाजीमहाराज याच गडावरून भर पावसाच्या रात्रीं विशाळगडाकडे निसटले. शिवा काशीद व बाजीप्रभु यांनीं त्या रात्रीचें मोल दिलें. आणि ज्यांच्या आर्येनें आम्हीं लेखाचा आरंभ केला ते मोरोपंत १७२९ सालीं याच गडावर जन्मले, ही गोष्ट सहलीच्या मुलांना आम्ही नेहमीं सांगत असूं. दुपारीं खालीं उतरून कोल्हापूर, सायंकाळीं महालक्ष्मीचें दर्शन. आपली तारीख ९ ते ११ नोव्हेंबरच्या सुमारास पडत असेल, तर मावळत्या सूर्याचीं किरणें गाभाऱ्यांत देवीपर्यंत पोहोंचतात तो किरणोत्सवही पाहावयास मिळेल. मात्र आकाश निरभ्र पाहिजे व गर्दीची तयारी पाहिजे.

सातवा दिवस, शुक्रवार. कोल्हापूर, बेळगांव, बदामी. सुमारें अडीचशें किलोमीटर. हा दिवस केवळ प्रवासाचा. त्यांत एकही प्रेक्षणीय स्थळ घातलेलें नाहीं. पुरातत्त्व खात्याचीं संग्रहालयें शुक्रवारीं बंद असतात, त्यामुळें हाच वार प्रवासास सोयीचा. डबा बरोबर घ्यावा व अंधारापूर्वीं बदामी गांठावी.

आठवा दिवस, शनिवार. बदामी ही चालुक्यांची राजधानी. लाल खडकांत कोरलेलीं लेणीं, समोर अगस्त्यतीर्थ. तिसऱ्या लेण्यांत शके ५०० म्हणजे इसवी ५७८ चा मंगलेशाचा लेख आहे. पायऱ्या चढवत नसतील त्यांनीं तळ्याच्या कांठीं बसावें. तेथूनही लेण्यांचा कडा पूर्ण दिसतो. वानरें फार धीट आहेत. पिशवी हातांत लोंबती ठेवूं नये. तेथून सुमारें बावीस किलोमीटरांवर पट्टदकल. १९८७ पासून हें जागतिक वारशाच्या यादींत आहे. विरूपाक्षाचें देवालय लोकमहादेवी या राणीनें, आपला पति दुसरा विक्रमादित्य यानें कांचीच्या पल्लवांवर मिळविलेल्या विजयाचें स्मारक म्हणून आठव्या शतकांत बांधविलें. शेजारचें मल्लिकार्जुनाचें देवालय तिची बहीण त्रैलोक्यमहादेवी हिचें. वेरूळच्या कैलासलेण्यास विरूपाक्षाचा नमुना उपयोगी पडला असावा असें अभ्यासक मानतात. पुढें ऐहोळे. तेथील मेगुटी देवालयावर रविकीर्ति नामक कवीनें दुसऱ्या पुलकेशीची प्रशस्ति संस्कृतांत कोरविली आहे; काल शके ५५६, म्हणजे इसवी ६३४. त्यांत तो आपली तुलना कालिदास व भारवि यांच्याशीं करतो. कवीचा अभिमान बाजूस ठेवला तरी या एका उल्लेखामुळें ते दोघे महाकवि इसवी ६३४ च्या पूर्वींचे हें सिद्ध झालें. शिवाय तीन महाराष्ट्रांचा व त्यांतील नव्याण्णव हजार गांवांचाही निर्देश या लेखांत आहे. आपल्या देशाचें नांव परमुलखांतील डोंगरावर तेराशें नव्वद वर्षांपूर्वीं कोरलेलें पाहून कोणाही मराठी माणसास दोन क्षण स्तब्ध व्हावेंसें वाटेल.

नववा दिवस, रविवार. सकाळीं सहाला निघून विजापूर. वाटेंत कोल्हारच्या पुलावर कृष्णा पुन्हा भेटते. आलमट्टीच्या धरणानें तिचें पाणी येथें समुद्रासारखें पसरलें आहे. महाबळेश्वरचें गोमुख, वाईचा घाट, माहुलीचा संगम आणि हा अफाट जलाशय, एकच नदी. भूगोलाच्या पुस्तकांत नदी ही निळी रेघ असते. ती रेघ मुलांच्या मनांत जिवंत करावयाची असेल, तर पुलावरून गाडी हळू न्यावी आणि हीच ती, एवढेंच सांगावें.

विजापुराचें अधिकृत नांव २०१४ पासून विजयपुर झालें आहे. गोलघुमट ही १६५६ सालीं वारलेल्या महंमद आदिलशहाची कबर. घुमटाचा आंतील व्यास सुमारें अडतीस मीटर, आणि त्याखालीं मध्यें एकही खांब नाहीं. भिंतींतून निघालेल्या कमानी एकमेकींना छेदून चौकोनाचें वर्तुळ करतात व घुमटाचा भार भिंतींवर देतात. हें कौशल्य खालीं उभें राहून पाहावें. वरच्या सज्जांत भिंतीशीं पुटपुटलेलें समोरच्या टोकास ऐकूं येतें. पण जिना अरुंद व उभा आहे, म्हणून वृद्धांनीं खालींच थांबावें. नंतर नाजुक कोरीव कामाचा इब्राहिम रोझा. वेळ उरला तर मुलुखमैदान तोफ. १५४९ सालीं अहमदनगरास ओतलेली, आपल्या शेजारच्या परांड्याहून १६३२ सालीं विजापुरास आणलेली ही तोफ पंचावन्न टन वजनाची आहे. याच दरबारीं शहाजीराजांनीं चाकरी केली व येथूनच अफजलखान निघाला. गेले आठ दिवस जो इतिहास आपण पाहत आलों त्याची दुसरी बाजू येथें दिसते. ती आदरानें व शांतपणें पाहावी. अडीचच्या सुमारास निघालें म्हणजे दिवे लागणीच्या आंत सोलापूर.

आतां चार व्यवहाराच्या गोष्टी. गाडी सतरा आसनांची घेतली, कारण माणसांइतक्याच आसनांची गाडी सामानास पुरत नाहीं. ठरवितांना दर किलोमीटरचा दर, रोजचें किमान अंतर, चालकाचा रात्रीचा भत्ता, टोल आणि कर्नाटकाच्या हद्दींतील परवाना व कर कोणीं भरावयाचा, हें कागदावर लिहून घ्यावें. चालकाच्या झोपण्याची जागा आपल्या खोल्यांबरोबरच ठरवावी. त्याला गाडींत झोपावयास लावून दुसऱ्या दिवशीं त्याच्या हातीं चौदा जीव सोंपविणें हा अविचार होय. रात्रीं प्रवास करूं नये. मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत झोप अनावर होते, आणि घाटांतील एक डुलकी पुरते. हा नियम मोडण्यास कोणतेंही कारण, दर्शनाचेंही, पुरेसें नाहीं. औषधांची पिशवी सामानांत न टाकतां हातांत ठेवावी. वृद्धांच्या औषधांच्या चिठ्ठीची एक प्रत दुसऱ्याजवळ द्यावी. घाटांत मोबाइल चालेलच असें नाहीं, म्हणून मुक्कामांची यादी व दूरध्वनींचे क्रमांक कागदावर असावे.

स्वयंपाकाचें सामान नेऊं नये. कोरडा फराळ न्यावा, परंतु स्टोव्ह व डबे नेऊन मुक्कामाच्या ठिकाणीं सुनांना पोळ्या लाटावयास लावणें म्हणजे प्रवास नव्हे, तें स्वयंपाकघराचें स्थलांतर आहे.

आणि निघण्यापूर्वीं एक रंगीत तालीम करावी. आम्हीं त्यासाठीं दक्षिण सोलापूर तालुक्यांतील हत्तरसंग–कुडल निवडलें. भीमा व सीना यांच्या संगमावरील या देवळांत शके ९४०, म्हणजे इसवी १०१८ चा मराठी शिलालेख आहे. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनीं तो उजेडांत आणला. जो हें वाचील तो विजयी होईल, असा त्याचा आशय. जगाचें वृत्त मोबाइलवर वाचणाऱ्या आमच्या घरांतील दहा माणसांनीं घराशेजारचा हा मराठीचा जुना लेख पाहिला नव्हता. एका दिवसाच्या या फेरींत कोणाला गाडी लागते, कोणाला खिडकी लागते, वहिनींना चढउतार करावयास लहान चौरंग लागतो, हें सर्व कळलें. चौरंग सामानाच्या यादींत पहिल्या ओळींत आहे.

राहिला घर राखण्याचा प्रश्न. तो आम्हीं असा सोडविला कीं, यंदा ती पाळी आमची. तीस वर्षांच्या मास्तरकींत मुलांच्या सहलींबरोबर एस्. टी.च्या लाल गाडींतून हीं बहुतेक ठिकाणें आम्हीं पाहिलीं आहेत. वहिनींनीं एकही नाहीं. यावर घरांत बराच वाद झाला. वहिनी म्हणाल्या, "तुम्हांला नैवेद्याचा वरणभात तरी नीट जमेल का?" आम्हीं म्हटलें, "बिघडला तर देव सांगतील, तुम्हांला कळणार नाहीं." सौभाग्यवतींनीं मात्र शेजारीं डबा सांगून ठेवला आहे, यावरून घरांतल्यांचा आमच्या पाककलेवर किती विश्वास आहे हें वाचकांस कळेलच.

आम्ही यांत कांहीं त्याग केला असें कोणीं समजूं नये. पाळी ही पाळीच असते. ज्या घरांत तीच व्यक्ति वर्षानुवर्षें राहते तेथें पाळी नसून शिक्षा असते, आणि ती इतक्या प्रेमानें दिली जाते कीं देणाऱ्यास व घेणाऱ्यासही तिचें नांव उच्चारवत नाहीं. म्हणून आमची वाचकांस एवढीच विनंती कीं, नकाशा उघडण्यापूर्वीं घरांत विचारावें. आणि "मी घरीं राहीन" असें जें माणूस सर्वांत आधीं म्हणेल, त्याला दुसऱ्यांदा व तिसऱ्यांदा विचारावें. बाकीचे रस्ते ठरविणें मग कठीण जात नाहीं.